मंग, सापडनं का?

आखाजीला माहेरी गेले होते. अमळनेरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आमचं गाव. दुपारची जेवणं झालेली, खापरावरच्या पोळ्या, आमरस, रशी, कुरडया, सगळं अंगावर आलेलं, बाहेर ऊन असं की ओट्यावरच्या झोक्याच्या साखळीला हात लावता येत नव्हता, आणि आम्ही सगळे मधल्या खोलीत गार फरशीवर पडलो होतो. कूलर खडखडत होता, त्याच्या वाळ्याच्या वासात खरबुजाचा वास मिसळलेला. कोपऱ्यात सकाळी पूजलेली घागर, तिच्यावर आंबा ठेवलेला. तेवढ्यात शेजारचे नाना आले. ऐंशीच्या पुढचे आहेत, माझ्या वडलांचे सोबती. माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, आजवर कोणाला न सापडलेला एक कण शोधायचं काम करतो, तो दोन वर्षांनी गावी आला होता म्हणून खास त्याला भेटायला उन्हात चालत आले. बसले, पाणी प्यायले, खरबुजाची फोड हातात घेतली आणि विचारलं, 'मंग भाऊ, सापडनं का ते तुनं?'

भाचा म्हणाला, 'नाही नाना.'

'कितला वरीस व्हयनात?'

'पाच.'

नाना म्हणाले, 'बरं.' आणि मग माझ्या भावाकडे वळून कापसाच्या बियाण्याचं बोलायला लागले. बस, एवढंच झालं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, उलट ते 'बरं' फार मऊ होतं, एखाद्या घरी वाईट बातमी कळल्यावर माणूस विषय बदलतो ना तसं. पण भाच्याचा चेहरा मी पाहिला. तो हसला, मान खाली घालून खरबुजाच्या बिया ताटलीच्या कडेला एकाशेजारी एक लावत बसला. ते 'बरं' आणि त्या बिया माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत. मी बावीस वर्षं ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, मी तिथेच होते, मला काहीतरी बोलता आलं असतं. बोलले नाही.

रात्री धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, अंथरुणं टाकली. घर आता स्लॅबचं आहे, पण आम्ही अजून धाबंच म्हणतो. स्लॅब अकरा वाजेपर्यंत खालून भाजत असतो, मग हळूहळू सातपुड्याकडून वारा सुटतो. भाचा आणि मी शेजारी शेजारी पडलो होतो, बाकीचे झोपले होते. तो म्हणाला, फुई (म्हणजे आत्या), आत्ता सूर्य आपल्या खाली आहे, पृथ्वीच्या पलीकडे, तरी त्याचे न्यूट्रिनो जमिनीतून, या स्लॅबमधून, आपल्यातून वर निघून चाललेत. हे मी दरवर्षी वर्गात सांगते, न्यूट्रिनो म्हणजे जवळजवळ कशालाच न अडकणारे बारीक कण, एका चौरस सेंटीमीटरमधून सेकंदाला साधारण ६५०० कोटी, फळ्यावर शून्यं लिहिते, पोरं वहीत उतरवून घेतात. पण पाठीला स्लॅबची धग लागत असताना ते ऐकणं वेगळंच होतं, आणि ती धग मला कळतेय पण ते ६५०० कोटी अजिबात कळत नाहीत, या गोष्टीचं खूप वेळ नवल वाटत राहिलं.

तो जे शोधतो ते मात्र हे न्यूट्रिनो नाहीत, त्यांचा जड भाऊबंद आहे. इलेक्ट्रॉन घ्या, प्रोटॉनच्या आतले क्वार्क घ्या, प्रत्येकाला डावं आणि उजवं अशी दोन रूपं आहेत. न्यूट्रिनोचं आजवर फक्त डावंच दिसलंय. उजवं का नाही? बरीच वर्षं लोक म्हणायचे की न्यूट्रिनोला वजनच नाही, मग उजव्याची गरज काय. पण १९९८ ला जपानच्या सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो टिपणाऱ्या यंत्राने दाखवलं की न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतात, आणि वजन असल्याशिवाय तसं होत नाही. वजन आहे, पण इतकं कमी की त्यापुढे इलेक्ट्रॉन डोंगर वाटावा. मग प्रश्न उलटा झाला, इतकं कमी का? एक उत्तर १९७७ पासून आहे, त्याला सी-सॉ म्हणतात. उजवा जोडीदार आहे, फक्त तो खूप जड आहे, आणि तो जितका जड तितका आपला डावा हलका. आमच्या झेडपीच्या शाळेत तसली एक फळी होती, माझा चुलतभाऊ एका बाजूला बसला की मी वरच अडकून राहायची, पाय हलवत, आणि खाली कोण बसलंय ते त्याच्या बाजूच्या झाडामुळे मला नीट दिसायचंही नाही. वर अडकलेल्यावरून खाली कोणीतरी आहे हे ओळखायचं, तसला हा शोध. हा जोडीदार किती जड, ते मात्र ही कल्पना नक्की सांगत नाही. कदाचित कुठल्याच मशीनच्या आवाक्यात नसेल इतका. किंवा प्रोटॉनच्या दोन-चार पट, म्हणजे आवाक्यात. भाचा आणि त्याच्यासारखे शेकडो लोक त्या दुसऱ्या 'किंवा'वर आयुष्य लावून बसलेत.

या जड कणाला स्वतःहून कोणाशी देणंघेणं नाही. नेहमीच्या न्यूट्रिनोत त्याची किंचित सरमिसळ असेल, तेवढ्याच वाटेने तो जन्मतो आणि तेवढ्याच वाटेने मरतो. सरमिसळ जितकी कमी तितका तो जास्त जगतो. आणि वजनाचं गणित तर मला फारच आवडतं, आयुष्य वजनाच्या पाचव्या घाताच्या उलट जातं, म्हणजे वजन निम्मं केलं की आयुष्य ३२ पट. त्यामुळे हलका आणि कमी मिसळणारा असेल तर तो जन्मल्या जागी मरत नाही, चालत जातो, कधी काही मिलिमीटर, कधी काही मीटर, कधी डिटेक्टरच्या, म्हणजे कण टिपणाऱ्या यंत्राच्याही बाहेर. सर्नचं, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणांच्या प्रयोगशाळेचं, ते २७ किलोमीटरचं वर्तुळ, जमिनीखाली शंभरेक मीटर, तिथे सेकंदाला ४ कोटी वेळा प्रोटॉनचे गठ्ठे एकमेकांतून जातात. एखाद्या टकरीत डब्ल्यू बोसॉन नावाचा कण तयार होतो, त्यातून एक मुऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, लगेच निघतो, आणि सोबत, असलाच तर, आपला जड पाहुणा. तो दिसत नाही. मग वीसेक सेंटीमीटर लांब, जिथे काहीच नाही अशा जागेतून, अचानक दोन रेघा, म्हणजे कणांच्या वाटा, फुटतात. ती जागा शोधायची. बोलायला एवढंच.

पण रेघा फुटायला दुसरीही कारणं आहेत. साधाच एखादा कण डिटेक्टरच्या स्वतःच्या सामानावर आपटतो, बीमच्या, म्हणजे प्रोटॉनच्या झोताच्या नळीवर, सिलिकॉनच्या थरांवर, थंड ठेवायच्या पाईपवर, की तिथूनही अशाच रेघा निघतात. त्यामुळे आधी आपल्याच घराचा नकाशा करावा लागतो, कुठे खांब, कुठे खुंटी, आणि तिथल्या रेघा सोडून द्याव्या लागतात. भाच्याची दोन वर्षं यातच गेली. आणि हे सगळं करताना जिथे उत्तर असण्याची शक्यता आहे तो डेटा झाकून ठेवायचा, बघायचाच नाही, आपल्या मनासारखं कापाकापी होऊ नये म्हणून. सगळे नियम पक्के झाले, सगळ्यांनी तपासले, की मग एक दिवस झाकण काढायचं. मी विचारलं, त्या दिवशी कसं वाटलं? तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, रात्री झोपलो नव्हतो फुई. आदल्या दिवशी केस कापून आलो होतो.

झाकण काढलं. नुसत्या गडबडगोंधळातून जेवढं यायला हवं तेवढंच आत होतं.

तो हे सांगत होता आणि मला आप्पांची वही आठवत होती. माझे वडील, आप्पा. ब्याण्णव ते चौऱ्याण्णव या तीन वर्षांत त्यांनी आमच्या शेतात तीन बोअर मारले, तिन्ही कोरडे गेले. बोअरची गाडी तमिळनाडूची असायची, ती पोरं आमच्याशी खुणांनी बोलायची, रात्री-अपरात्री गाडी यायची आणि मग कंप्रेसरचा आवाज, तो आवाज छातीत वाजतो, दोन शेतं पलीकडचे बैल बिचकायचे. पांढरी-राखाडी भुकटी तुरीवर, आमच्या केसांवर, पापण्यांवर. दर दहा फुटाला तो पोरगा एक मूठ भुकटी काढून जमिनीवर ढिगली करायचा, ओळीने, आणि आप्पा कंदील घेऊन प्रत्येक ढिगलीपाशी वाकून, चिमटीत घेऊन, कधी जिभेला लावून वहीत लिहायचे. काळी माती. मुरूम. मांजऱ्या. काळा दगड. काळा दगड. गेरू. गेरूची ढिगली लालभडक निघायची, ती मी सकाळी गोळा करून तुळशीच्या ओट्याला लावली होती. २१० ला ओल लागली तेव्हा आप्पांनी मला उचलून घेतलं होतं, ते आठवतं. मग परत काळा दगड. ३१० ला थांबले.

वहीत प्रत्येक बोअरचं एक पान. विहिरीपासून किती पावलं, निंबापासून किती, किती फुटाला काय लागलं, आणि सगळ्यात खाली एकच ओळ, तेवढी अहिराणीत, बाकी सगळं शाळेतल्या मराठीत: आठे पानी नही शे.

तिसऱ्या बोअरच्या आधी मोठी माय, म्हणजे आजी, हट्टाला पेटली की पाणाड्याला बोलवा. आप्पांनी बोलावलं. तळहातावर नारळ घेऊन माणूस सगळं शेत फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. आप्पा त्याला नमस्कार करून म्हणाले, दादा, एक विनंती आहे, जरा बांधाच्या पलीकडेही चाला. पलीकडे त्या शेतकऱ्याचा चालू बोअर होता, मोटर काढलेली, तोंडावर दगड, वर कडबा. पाणाडी त्याच्यावरून चालत गेला, नारळ आडवाच. आप्पा काही बोलले नाहीत. जेवू घातलं, दक्षिणा दिली, पाठवलं. मोठी माय चिडली होती, घरी आलेल्याची परीक्षा घेतली म्हणून. मला तेव्हा आप्पांचा थोडा राग आला होता, ते आठवतं, त्या माणसाचे पाय भेगाळलेले होते आणि तो मनापासून चालत होता. पण पुढे एमएस्सीला असताना मी १७ केव्हीच्या न्यूट्रिनोबद्दल वाचलं आणि थेट तो कडबा डोळ्यांसमोर आला.

ती गोष्ट अशी. १९८५ ला कॅनडातल्या जॉन सिम्पसन यांना ट्रिटियमच्या, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनच्या, बीटा किरणांच्या (त्यातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या) आलेखात एक बारीक खाच दिसली. अशी खाच म्हणजे जड न्यूट्रिनोची खूण, त्याचं वजन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हिशोबात १७ हजार, म्हणजेच १७ केव्ही. मग आणखी काही लॅबना दिसली, काहींना दिसली नाही, वर्षानुवर्षं भांडण. ज्यांना दिसत नव्हती त्यांना लोक म्हणायचे की तुमचं यंत्रच एवढं बारीक बघू शकत नसेल. तेव्हा अमेरिकेतल्या अर्गॉन लॅबच्या लोकांनी काय केलं, गंधक-३५ च्या आपल्या नमुन्यात मुद्दाम थोडा कार्बन-१४ मिसळला, म्हणजे आलेखात तसलीच खोटी खाच स्वतःच्या हाताने पाडली, आणि दाखवलं की बघा, खाच असेल तर आमचं यंत्र ती पकडतं. आता मिसळ काढून बघा. खाच नाही. १९९३ ला हे छापून आलं आणि तो १७ केव्हीचा न्यूट्रिनो तिथे संपला. आधी आपल्याला 'आहे' दिसतं हे सिद्ध करायचं, मग 'नाही' म्हणायचा हक्क मिळतो. आप्पा चौथी-पाचवीपर्यंत शिकलेले, अर्गॉन त्यांनी कधी ऐकलं नसेल, आणि साल बघा, जवळजवळ तेच.

हे मी भाच्याला धाब्यावर सांगितलं तर तो उठून बसला. म्हणाला, ती वही कुठे आहे?

वही मायच्या पेटीत आहे, म्हणजे आईच्या. आणि इथे मला अडकायला होतं. आम्हा भावंडांना त्या वहीचा अभिमान आहे, पाहुण्यांना दाखवतो. माय मात्र वही बाहेर निघाली की उठून स्वयंपाकघरात जाते. दुसऱ्या बोअरला तिच्या पाटल्या गेल्या. तिसरा उधारीवर मारला, ती उधारी फिटेपर्यंत मी बारावी झाले होते. 'आठे पानी नही शे' ही तीन पानं मिळून तिच्या हातातलं सोनं आणि आमच्या चार-पाच आखाज्या. मी शास्त्राची माणूस, मला त्या पानांचं मोल कळतं असं मी म्हणते, पण ते मोजलं तिने. भाच्याची आईही तशीच गप्प असते आताशा. पोरगं एकोणतीसचं झालं, लग्नाचं बघायचंय, समोरचे विचारतात काय करतो, आणि 'न सापडलेलं शोधतो' हे स्थळाला कसं सांगायचं. ती मला एकदा म्हणाली होती, ताई, त्याला निदान थोडंसं तरी सापडायला पाहिजे होतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आताही नाही.

भाच्याला मी त्या रात्री कोलारचंही सांगितलं, त्याला माहीत होतंच, तरी सांगितलं. १९६५ ला कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली २.३ किलोमीटर, मुंबईची टीआयएफआर संस्था, जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम इथल्या लोकांनी वातावरणातले न्यूट्रिनो पकडले, त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीतही पकडले गेले, जगात पहिल्यांदा. ते सगळ्यांना ठाऊक असतं. मला जास्त ओढ त्याच खाणीतल्या दुसऱ्या गोष्टीची आहे. काही घटना अशा नोंदल्या गेल्या की दोन-तीन रेघा एका बिंदूतून निघताहेत आणि तो बिंदू खडकात नाही, यंत्रातही नाही, मधल्या हवेत आहे. खडकाची भिंत आणि यंत्र यांच्यामधल्या रिकाम्या हवेत. १९७५ ला त्यांनी छापलं, एखादा नवा, जड, थोडा वेळ जगणारा कण असावा. पुढे अमेरिकेत आणि सर्नला न्यूट्रिनोच्या बीमवर मुद्दाम शोधलं, काही मिळालं नाही. खाण २००१ ला बंद झाली. त्या मोजक्या रेघांचं समाधानकारक उत्तर अजून झालेलं नाही. योगायोगही असेल. पण माझ्या मनात ते लोक येतात, उकाड्यात, त्या पिंजऱ्यातून जवळजवळ दीड मैल खाली उतरलेले, फोटोवर पट्टी ठेवून रेघा मागे मागे नेणारे, आणि रेघा हवेतच भेटतात म्हटल्यावर परत पट्टी ठेवणारे. त्यांनी त्या घटना फेकून दिल्या नाहीत, आणि सापडलं म्हणून नाचलेही नाहीत. जसं दिसलं तसं लिहिलं.

सकाळी मायने स्वतःच पेटी उघडून वही काढून दिली. काही बोलली नाही, पण यावेळी स्वयंपाकघरातही गेली नाही, दारात बसून लसूण सोलत राहिली. भाच्याने वहीच्या शेवटच्या पानावरचा नकाशा उलगडला. आप्पांनी सगळ्या शिवाराचा काढलाय तो, नाला, बांध, निंब, तीन बोअरच्या जागा आणि त्यांच्या भोवती पेन्सिलने भरलेला भाग, म्हणजे इथे परत मारू नका. भाच्याने लॅपटॉप उघडला आणि शेजारी ठेवला. त्याच्या पेपरातला आलेख, आडवं वजन, उभी सरमिसळ, आणि वरचा मोठा भाग रंगवलेला, म्हणजे इथे नाही. प्रोटॉनच्या दोन पटीपासून वीसेक पटीपर्यंत, आणि सरमिसळ काही ठिकाणी दहा लाखातल्या एका भागापेक्षाही खाली. त्यांच्याच नाही, इतरांच्याही रेघा त्यावर होत्या, नव्वदच्या दशकातल्या जुन्या मशीनवरच्या, कुठल्या पायॉन-केऑन या हलक्या कणांवरच्या, प्रत्येकाने आपापला तुकडा रंगवून पुढच्याला दिलेला.

तेवढ्यात नाना आले. सकाळचं दूध घालून परत चालले होते, भाच्याची संध्याकाळची गाडी म्हणून पुन्हा डोकावले. वही बघून थांबले. आप्पांची वही त्यांना चांगलीच ओळखीची. अठ्ठ्याण्णवला स्वतःचा बोअर मारायच्या आधी ते एक अख्खी संध्याकाळ आप्पांपाशी ती घेऊन बसले होते, आणि मग नाल्याच्या पलीकडे, पेन्सिल जिथे संपते त्याच्याही पुढे, जागा धरली. १९० फुटाला दोन इंची पाणी लागलं. आजही उन्हाळ्यात आमच्या घरचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं, आखाजीच्या घागरीतलंसुद्धा. आप्पांना त्याचं सुख झालं की दुःख हे मला कधी कळलं नाही. त्या दिवशी ते नानांच्या शेतात जाऊन पाणी प्यायले होते आणि घरी येऊन लवकर झोपले होते.

नानांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे. रंगवलेल्या भागावर बोट न टेकवता, वरूनच फिरवत विचारलं, 'हाई समदं देखी लिधं?'

'हो नाना. एवढं सगळं.'

नाना खाली बसले. खांद्यावरच्या उपरण्याने चष्मा पुसला, परत लावला. 'मंग आते कोठे?'

भाच्याने आलेखाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट नेलं, जिथे पांढरं आहे. सांगायला लागला, तिथे असेल तर तो फार लांब चालत जातो नाना, आमच्या यंत्राच्या बाहेर निघून जातो, म्हणून आता सर्नलाच दुसरं काम मंजूर झालंय २०२४ ला, शिप नाव आहे, ४०० जीईव्ही ऊर्जेचे प्रोटॉन जाड ठोकळ्यावर मारायचे, बाकी सगळं अडवायचं, आणि पुढे पन्नासेक मीटर लांब रिकामी जागा ठेवून नुसतं बघत बसायचं की तिथे रेघा फुटतात का. सुरू व्हायलाच २०३० उलटेल. मी तिकडे अर्ज करतोय.

नानांना यातलं किती कळलं कोण जाणे. मायचं लसूण सोलणं थांबलं होतं. नानांनी वही स्वतःकडे ओढली, पेन्सिलच्या शेवटच्या रेघेवर अंगठा ठेवला, आणि लॅपटॉपकडे वाकून म्हणाले, 'बरं. दखाड.'